जुन्या फोनची बॅटरी आणि ग्राहकाचा हक्क

घरातील कर्त्या मुलाने नवा फोन घेतला म्हणजे त्याचा जुना फोन आईकडे येतो, आईचा त्याहून जुना फोन गावी काकांकडे जातो, आणि ज्यांच्या घरी असा वारसा चालत येत नाही ते पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन कोणा अपरिचिताने वापरून विकलेले यंत्र घासाघीस करून पदरात पाडून घेतात. हा हस्तांतराचा व्यवहार आपल्या समाजात इतका रूढ झाला आहे की त्यात न्याय-अन्यायाचा काही प्रश्न दडलेला असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. अशा फोनचा पडदा शाबूत असतो, कॅमेरा चालतो, आवाज स्वच्छ ऐकू येतो, आणि तरीही दुपारचे दोन वाजण्याच्या आत तो मान टाकतो. मग नव्या मालकावर उपदेशांचा वर्षाव सुरू होतो: रात्रभर चार्जिंगला लावू नका, पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका, मागची ॲप्स सारखी बंद करत जा. या उपदेशांपैकी कित्येक कालबाह्य आहेत, काही निव्वळ भ्रामक आहेत, आणि जे थोडे खरे आहेत तेही गेलेली शक्ती परत आणू शकत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. झिजल्यावर ती बदलणे हाच तिच्यावरचा खरा इलाज. आणि तो इलाज सुलभ, माफक दराचा व विश्वासार्ह करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आणि सरकारवर येऊन पडते.

ज्या लिथियम-आयन घटावर आजचा प्रत्येक फोन चालतो तो सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणला, आणि त्यामागील मूलभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. त्यांच्या संशोधनावर चालणारी यंत्रे मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीच वार्धक्याची तक्रार करू लागतात. या घटात एका बाजूस ग्रॅफाइटचा आणि दुसऱ्या बाजूस बहुधा कोबाल्टयुक्त ऑक्साइडचा थर असतो, आणि चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन एकीकडे, वापराच्या वेळी दुसरीकडे असे त्यांचे अखंड येणे-जाणे चालते. अगदी पहिल्याच चार्जिंगपासून ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरू लागतो. तो पापुद्रा घटाचे रक्षण करतो हे खरे, परंतु तो हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना थोडे थोडे लिथियम कायमचे गिळून टाकतो. एकदा तेथे अडकलेले लिथियम पुन्हा वीज वाहून नेण्याच्या कामी येत नाही. ही जी तूट पडते ती मालकाच्या आळसामुळे पडत नाही, तर घटाच्या स्वभावधर्मानेच पडते, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे उपदेशांचा बराचसा फोलपणा आपोआप उघडा पडतो.

या क्षयाचा वेग वाढविणाऱ्या गोष्टी प्रामुख्याने दोन: उष्णता आणि घट काठोकाठ भरलेला ठेवणे. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या प्रसिद्ध माहितीस्रोतातील तक्त्यानुसार ४० अंश सेल्सिअस तापमानात वर्षभर पडून राहिलेला घट ४० टक्के भरलेला असेल तर सुमारे ८५ टक्के क्षमता राखतो, आणि तोच पूर्ण भरलेला असेल तर सुमारे ६५ टक्क्यांवर येतो. ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश ही वातावरणाची मर्यादा सांगते. म्हणजे चंद्रपूर-नागपूरकडचा वैशाख, जेथे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणे नवलाचे राहिलेले नाही, हा या घटाच्या दृष्टीने नियमबाह्य ऋतूच मानावा लागेल. तेथे पत्र्याखालच्या दुकानात गल्ल्यावर पडलेला, मोटारीच्या काचेमागे तापलेला किंवा दुचाकीच्या हँडलवर उन्हात बसवून रस्ता दाखविण्याच्या कामी लावलेला फोन आपल्या आयुष्यातील कित्येक महिने एकाच उन्हाळ्यात खर्ची घालतो.

आता रूढ समजुतींचा थोडा परामर्श घेऊ. बॅटरी पूर्ण उतरवून मगच भरावी ही शिकवण निकेल-कॅडमियम घटांच्या जमान्यातील आहे. त्या घटांत अर्धवट वापराची ‘आठवण’ राहते असे म्हणत. लिथियमच्या घटाला हा दोष नाही, उलट वारंवार शून्यापर्यंत उतरणे त्याला अपायकारकच ठरते. रात्रभर चार्जिंगला लावल्याने वीज ‘जास्त भरते’ हीही अशीच भीती: घट भरताच फोनमधील नियंत्रक विद्युत्प्रवाह थांबवितो. अपाय होतो तो पूर्ण भरलेल्या अवस्थेत, आणि त्यातही उशीखाली किंवा पांघरुणात तापत, तासन्‌तास पडून राहण्याने. म्हणूनच सॅमसंगसारख्या कंपन्यांनी आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून ॲपलनेही चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय दिली आहे, आणि ज्याच्या फोनमध्ये ती असेल त्याने ती खुशाल वापरावी. मागची ॲप्स बोटाने सरकवून सारखी हाकलणे हा तर निव्वळ व्यायाम होय, कारण अँड्रॉइडने २०१५ सालीच निजलेल्या फोनमधील ॲप्सना आवर घालण्याची व्यवस्था अंगभूत केली, आणि हाकललेले ॲप पुन्हा मुळापासून उघडण्यात अधिक वीज जाते. बॅटरी वाचविण्याचे वचन देणारी जी ॲप्स फुकट मिळतात ती स्वतःच अहोरात्र चालू राहून जाहिराती दाखवीत असतात. ती काढून टाकणे हीच त्यांची सर्वोत्तम उपयुक्तता.

काळ्या पडद्याची, म्हणजे ‘डार्क मोड’ची, कीर्तीही तपासून घ्यावी लागते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओएलईडी पडद्याच्या फोनवर पूर्ण प्रखरतेला ३९ ते ४७ टक्के बचत आढळली, परंतु ३० ते ५० टक्के प्रखरतेला ती केवळ ३ ते ९ टक्के होती, आणि स्वस्त फोनमध्ये जो एलसीडी पडदा असतो त्यात मागचा दिवा सदैव जळतच असल्याने काळ्या रंगाचा लाभ जवळजवळ शून्य. सारांश, प्रखरता उतरविणे हे रंग बदलण्यापेक्षा शहाणपणाचे. मात्र हा शहाणपणाही सर्वांना सारखा परवडत नाही. ई-पीक पाहणीची नोंद करण्यासाठी जो शेतकरी बांधावर उभा आहे, त्याला उन्हात दिसावे म्हणून पडदा पूर्ण प्रखर ठेवावा लागतो, स्थाननिश्चितीसाठी जीपीएस चालू ठेवावे लागते, पिकाचे छायाचित्र काढावे लागते, आणि मनोरा दूर असल्यामुळे रेंज टिकविण्यासाठी फोनला अधिक शक्तीने साद घालावी लागते. वीज पिणारी चारही कामे एकाच वेळी, आणि तीही बहुधा घरातील कोणाच्या तरी उतरलेल्या फोनवर. ज्या शासनाने आपल्या नोंदी, दाखले आणि अनुदाने नागरिकाच्या खिशातील यंत्राशी जोडून दिली, त्या शासनाने त्या यंत्राच्या टिकाऊपणाची चौकशी मुळीच करू नये, हे कोणत्या न्यायाला धरून आहे?

जुना फोन वीस टक्के दाखवीत असतानाच एकाएकी बंद पडतो, तेव्हा मालक चक्रावतो. क्षमतेबरोबर घटाचा अंतर्गत रोधही वाढलेला असतो. गंजून अरुंद झालेल्या नळाला टाकीत पाणी असूनही धार येत नाही, तसाच हा प्रकार. कॅमेरा उघडताच अचानक अधिक प्रवाह लागतो, व्होल्टेज कोसळते आणि फोन झोपतो. ॲपलने नेमका हाच प्रसंग टाळण्यासाठी जुन्या आयफोनची गती ग्राहकांना स्पष्टपणे न सांगता मंद केली होती, आणि २०१७ च्या डिसेंबरात ते उघडकीस आल्यावर कंपनीने जाहीर माफी मागून बॅटरीबदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला; पुढे २०२० च्या फेब्रुवारीत फ्रान्सने याच प्रकरणी अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला. मला या प्रकरणातील दंडापेक्षा त्या दराची कपात अधिक बोलकी वाटते. जे काम आदल्या महिन्यात ७९ डॉलरचे होते ते लोकक्षोभानंतर २९ डॉलरचे होऊ शकले, आणि नवी बॅटरी घालताच ‘म्हातारा’ फोन पूर्वीच्या वेगाने धावू लागला.

बॅटरी बदलण्याचे काम ज्याने दुरुस्तीच्या बाकाशेजारी उभे राहून पाहिले आहे त्याला त्यातील कौशल्य आणि धोका दोन्ही ठाऊक असतात. कारागीर प्रथम फोनची पाठ तापत्या तव्यावर ठेवून डिंक मऊ करतो, फटीतून पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवून झाकण उचलतो, बारीक स्क्रू क्रमाने चुंबकी गादीवर मांडतो, सर्वांआधी बॅटरीची जोडणी सोडवितो, आणि मग खाली चिकटविलेली पट्टी सावकाश ओढत जुनी बॅटरी मोकळी करतो. तेथे घाईने लोखंडी हत्यार खुपसले तर घट भोसकला जाऊन धूर आणि आग यांच्याशी गाठ पडते. फुगलेली बॅटरी असेल तर पाठीचे झाकण आधीच वर आलेले दिसते, आणि असा फोन घरी दाबून बसविण्याचा प्रयत्न न करता, चार्जिंग तत्काळ थांबवून, जाणत्याकडे न्यावा. नव्या बॅटरीवरील चिठ्ठी मात्र ग्राहकाने स्वतः वाचावी. तीवर ३.८५ व्होल्ट आणि ४००० एमएएच लिहिले असेल तर गुणाकार १५.४ वॉट-तास यायला हवा. तो जुळत नसेल तर चिठ्ठी खोटी. तीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आय.एस. १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. मूळच्याच आकाराच्या बॅटरीत दुप्पट क्षमता भरल्याचा दावा दिसला तर पुढे बोलणीच करू नयेत. एवढी रुजुवात केल्यावरही ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेली वस्तू खरोखर कंपनीची आहे की फर्स्ट कॉपी, याची खातरजमा करण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती नाही, आणि खरी तक्रार येथे आहे.

युरोपीय संघाने निदान बॅटरीची स्थिती पाहण्याचे साधन ग्राहकाला कायद्याने दिले. २० जून २०२५ पासून तेथे नव्याने बाजारात येणाऱ्या फोनच्या बॅटरीने चार्जिंगच्या ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, उत्पादनाची तारीख, झालेली आवर्तने आणि उरलेली क्षमता ग्राहकाला फोनमध्येच पाहता आली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. शिवाय फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी असा सर्वसाधारण दंडक लागू होत आहे. उत्पादक यावर हरकत घेतात ती अशी की झाकण उघडणारे केले तर पाणी आत शिरेल. परंतु सॅमसंगचा २०१४ चा गॅलेक्सी एस५ हा फोन नखाने पाठ उघडून बॅटरी बदलता येणारा होता आणि पाण्यात तग धरणाराही होता. तेव्हा अडचण अभियांत्रिकीची असल्याचे सांगणे सयुक्तिक वाटत नाही.

आपल्याकडे हालचाल झालीच नाही असे नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेर त्यासाठी संकेतस्थळ उघडले, आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक कसा असावा याविषयीचा अहवाल २०२५ मध्ये सरकारला सादर झाला. २०२२ च्याच बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले आहे. पण निर्देशांक, अहवाल आणि संकेतस्थळ यांनी दुकानातील व्यवहार पालटत नाही. तो पालटण्यास एक साधा हुकूम पुरेसा होईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता, दर्जा व किंमत जाणून घेण्याचा हक्क देतो. विद्युतघटाचे सामर्थ्य म्हणजे त्याची उरलेली क्षमताच. मग वापरलेला फोन व्यापारी म्हणून विकणाऱ्या प्रत्येकाने ती क्षमता टक्क्यांत मोजून पावतीवर नोंदविणे सक्तीचे का नसावे? आयफोनमध्ये हा आकडा २०१८ पासून दिसतो, काही अँड्रॉइड फोनमध्येही आता दिसू लागला आहे, आणि जेथे दिसत नाही तेथे तो दाखविण्याची सक्ती कंपनीवर करणे हा प्रोग्राममधील किरकोळ बदल आहे. त्याच्याच जोडीने मूळ बॅटरीची किंमत प्रत्येक कंपनीने मॉडेलवार जाहीर करावी, ती स्वतंत्र दुरुस्तीदारालाही विकावी, आणि दुसऱ्याने बसविलेल्या बॅटरीवर धमकीवजा संदेश दाखविण्यापूर्वी ती सुरक्षित आहे की नाही एवढेच प्रामाणिकपणे सांगावे.

हा हुकूम निघेपर्यंत वाचकांना एवढीच विनंती की जुना फोन घेताना पैसे मोजण्यापूर्वी बॅटरीची उरलेली क्षमता विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावी. तो लिहून देण्यास कां-कूं करू लागला तर नव्या बॅटरीचा आणि ती बसविण्याच्या मजुरीचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करावा, आणि त्यालाही तो राजी नसेल तर शेजारच्या दुकानात जावे.