सरकता नकाशा म्हणजे फिरती पृथ्वी नव्हे

संगणकाच्या पडद्यावर संथपणे फिरणारी पृथ्वी तुम्ही अनेकदा पाहिली असेल. मध्यंतरी एका शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. तेथे नववीतल्या एका मुलाने अशी पृथ्वी स्वतः तयार केली होती. आम्ही त्याचे कौतुक करीत असता मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, भारत कडेला गेला तरी अरुंद का होत नाही?" "अगं, ते नुसते चित्र आहे," असे म्हणून मी पुढच्या टेबलाकडे वळलो. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चुकीचे होते, हे घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम ही युक्ती समजून घेऊ. पुठ्ठ्याला २० सें.मी. व्यासाचे गोल भोक पाडा. ४० सें.मी. लांब व २० सें.मी. उंच असा जगाचा सपाट नकाशा घ्या. त्यावरील अक्षवृत्ते व रेखावृत्ते समान अंतरावर हवीत. हा नकाशा भोकामागून डावीकडून उजवीकडे सरकवा. उत्तर वर असेल, तर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारी पृथ्वी समोरून अशीच डावीकडून उजवीकडे जाताना दिसेल. कडेला थोडी काळी छटा दिली की पृथ्वी गोल असल्याचा भास होतो. संगणकावरही पुष्कळदा हेच केले जाते. पुठ्ठ्याऐवजी गोल चौकट असते, इतकेच.

आता एक चेंडू घ्या. त्याच्या मध्यावर एक गोल टिकली चिकटवा. चेंडू उभ्या अक्षाभोवती सावकाश, एकाच वेगाने फिरवायला मित्राला सांगा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून एका डोळ्याने पाहा. मध्यावर गोल दिसणारी टिकली कडेकडे जाताना लांबट, मग अगदी बारीक रेघेसारखी होते. शिवाय तिची चाल मंदावते. चेंडूचा वेग तोच असतो; परंतु कडेजवळ टिकलीची गती मुख्यतः आपल्यापासून दूर जाण्याची असते आणि ती आपल्याला दिसत नाही.

हे आकड्यांत पाहू. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. चित्रातील पृथ्वीची त्रिज्या १० सें.मी. धरली, तर विषुववृत्तावरील बिंदूचे मध्यापासूनचे अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले फिरलेल्या कोनाचे साइन. मध्यापासून कडेपर्यंतच्या ६ तासांत तो बिंदू अनुक्रमे २.६, २.४, २.१, १.६, १.० आणि ०.३ सें.मी. सरकेल. सरकत्या नकाशात मात्र तो दर तासाला सारखाच, सुमारे १.७ सें.मी. सरकतो. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिलेल्या ज्यांच्या कोष्टकातही हीच घट दिसते. त्यातील लागोपाठच्या ज्यांमधला पहिला फरक २२५ आहे, तर चोविसावा केवळ ७.

दुसरी चूक ध्रुवांकडे आहे. अक्ष उभा असेल, तर गोलावरील प्रत्येक ठिकाण अर्धा फेरा, म्हणजे १२ तास, आपल्या समोर असते. परंतु भोकाची रुंदी वरखाली कमी होत जाते आणि नकाशा मात्र सर्वत्र एकाच वेगाने सरकतो. त्यामुळे ६० अक्षांशावरील गाव सुमारे ९ तासांतच दिसेनासे होते! पट्टी घेऊन हे स्वतः मोजून पाहा.

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला काढायचा? पडदाच सपाट आहे, तेव्हा त्यावरची कोणतीही पृथ्वी खोटीच. हे मला मान्य आहे. सजावटीसाठी नकाशा सरकवला तर माझी तक्रार नाही. परंतु भूगोलाच्या तासाला तेच चित्र पुरावा म्हणून दाखवले जाते, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. कडेला अरुंद होणे आणि मंदावणे ही गोल वस्तू फिरत असल्याची खूण आहे, आणि नेमकी तीच आपण पुसून टाकतो.

या खुणेचे मोल केवढे आहे, ते गॅलिलिओला विचारावे. सूर्यावरचे डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान ग्रह असावेत, असे क्रिस्टोफ शायनर यांचे मत होते. गॅलिलिओने १६१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रांत दाखवून दिले, की हे डाग कडेजवळ अरुंद होतात व त्यांची चाल मंदावते. म्हणून ते सूर्याच्या पृष्ठभागावर किंवा त्याच्या अगदी लगत असले पाहिजेत आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असला पाहिजे. सरकत्या नकाशावर वाढलेल्या डोळ्यांना हा युक्तिवाद कसा पटावा?

म्हणून संगणकावर काम करणाऱ्या मित्रांनो, सबंध नकाशा सरकवू नका. प्रत्येक बिंदूचे आडवे अंतर त्रिज्या गुणिले अक्षांशाचे कोसाइन गुणिले मध्यापासूनच्या रेखांशाचे साइन, आणि उभे अंतर त्रिज्या गुणिले अक्षांशाचे साइन, असे काढा. हे गणित दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडचे नाही. रात्रीची छाया नकाशावर रंगवू नका, नाहीतर देशाबरोबर रात्रही फिरू लागेल. ती वेगळी व स्थिर ठेवा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, पडद्यावरची पृथ्वी दाखवून झाली की मुलांच्या हाती एक चेंडू आणि एक टिकली द्या. पडद्यावरचे चित्र बरोबर की चूक, हे त्यांनाच ठरवू द्या. एखाद्या मुलीने अडचणीचा प्रश्न विचारला, तर मी केले तसे पुढच्या टेबलाकडे वळू नका.