कागद आहे, पण सापडत नाही!

२०२४ च्या पावसाळ्यात आईला अकस्मात रुग्णालयात न्यावे लागले. डॉक्टरांनी आधीच्या वर्षीचा हृदयालेख मागितला. घरातील सारे कागद मी मोठ्या हौसेने स्कॅन करून संगणकात ठेवले होते. परंतु त्या शेकडो फायलींची नावे ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ अशीच होती. हवा तो कागद हाती येईपर्यंत मध्यरात्र उलटली. दोष संगणकाचा नव्हता. कोणत्या चित्रात काय आहे, हे त्याला मी सांगितलेच नव्हते.

ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाची जशी सूचिपत्रिका असते, तशी ती फायलीचीही असते. तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. विंडोज संगणकावर जेपीईजी चित्राच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ उघडावे आणि ‘टॅग्ज’ या रकान्यात ‘आई, हृदयालेख, २०२३’ असे शब्द अर्धविराम देऊन लिहावेत. नंतर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये जाऊन तो फोल्डर सूचीसाठी निवडलेला आहे ना, याची खात्री करावी. संगणक ही सूची आधीच तयार करून ठेवतो. म्हणून शोधाच्या वेळी त्याला प्रत्येक फाईल उघडून पाहावी लागत नाही. फोल्डरच्या शोधचौकटीत ‘हृदयालेख’ लिहिताच कागद पुढे येतो.

मात्र काही मर्यादा ध्यानात असाव्यात. साध्या मजकुराच्या किंवा पीडीएफ फायलींना विंडोजच्या या रकान्यात टॅग लिहिता येत नाहीत. तेथे फायलीचे नावच अर्थपूर्ण ठेवावे. स्वतःच्या कल्पनेने निर्मिलेला नवा रकाना हवा असेल, तर त्याची नोंद प्रणालीत करावी लागते आणि त्या प्रकारच्या फायलीतून तो वाचून देणारा ‘प्रॉपर्टी हँडलर’ही असावा लागतो. ते काम जाणकाराचे. घरापुरते तयार रकाने पुरेसे आहेत. शिवाय जेपीईजीचे टॅग चित्राबरोबरच प्रवास करतात. म्हणून परक्याला चित्र पाठविताना त्यात खाजगी काही नाही ना, हे अवश्य पाहावे.

आई आता बरी आहे. दर रविवारी ती जुन्या छायाचित्रांतील माणसांची नावे सांगते आणि नात ती टॅगमध्ये लिहिते. वाचकहो, आपल्या घरीही अशी नावे सांगणारे कोणी वडीलधारे असेल. त्यांच्याजवळ बसण्यास येत्या रविवारीच आरंभ करा. कारण ही सूची संगणकाला आपणहून करता येणार नाही.