बँजोचा पिकअप बदलण्याआधी



जयंतीच्या आधीचा महिना म्हणजे आपल्या वस्त्यांतून तालमीचा महिना. विहाराच्या मागच्या खोलीत ढोलकी घुमते, पेटीचा भाता हलतो आणि बँजोच्या तारा झणझणतात. अशाच एका संध्याकाळी इंदोऱ्यातला एक मुलगा बँजो कापडात गुंडाळून घरी आला. सोबत त्याची आई होती.

"काकाजी, याचा पिकअप बदलायचा हाय," तो म्हणाला. "आवाज फाटते. मधातच शिट्टी वाजते, आन् गाणं थांबलं का नुसती भुणभुण राहते. चार हजार जमा केले मी."

आईने लगेच विचारले, "भाऊ, मले एवढंच सांगा, पैसे लावले तर आवाज चांगला येईनच का? पोरीचा परीक्षेचा फॉर्मबी भरायचा हाय."

या बाईंचा प्रश्न अनेक घरांतला आहे. कुणाचा मुलगा गिटार वाजवतो, कुणाचा बँजो. दुकानदार म्हणतो पिकअप बदला, मित्र म्हणतात वाद्यच नवे घ्या. म्हणून या वेळी याच विषयावर चार गोष्टी सांगतो.

पिकअप म्हणजे काय?

आपण ज्याला बँजो म्हणतो ते खरे तर बुलबुलतरंग. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाईपरायटरसारखी बटणे लावून एक तारवाद्य तयार केले. तिथे तैशो राजवट त्याच वर्षी सुरू झाली होती, म्हणून त्याचे नाव तैशोगोतो पडले. तेच वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रातल्या पार्ट्यांनी त्याला बँजो केले. २०१६ साली रवी जाधव यांनी त्याच्या नावाने हिंदी चित्रपटही काढला.

हे वाद्य म्हणजे लाकडाची पोकळ पेटी. घरात त्याचा आवाज पुरतो, पण मांडवात ढोलकी आणि कोरसपुढे तो बुडतो. अमेरिकेत गिटारवाल्यांचीही हीच अडचण होती. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात तुताऱ्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही पोकळ अंगाची विजेवरची गिटार काढली. चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णीय तरुणाने ती हाती घेतली आणि १९३९ मध्ये तो बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला. मागे बसून ताल धरणारी गिटार त्याने पुढे आणली. १९४२ साली, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी तो गेला, पण गिटारची जागा कायमची बदलली.

पिकअपची रचना साधी आहे. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले हेच तत्त्व. ती वीज अँप्लिफायर मोठी करतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिकअपला पोलादाची तार कळते, पितळेची किंवा नायलॉनची कळत नाही.

आधी तपासा, मग खर्च करा

आमच्या ओळखीचे एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत. त्या मुलाला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पिकअपला हातही लावला नाही. आधी बँजो अँप्लिफायरला जोडला आणि तारांना बोट टेकवले. भुणभुण जराही कमी झाली नाही. "अर्थची तार तुटलेली आहे," ते म्हणाले. पेटी उघडली तर खरेच, तारांकडून जॅककडे जाणारी अर्थची तार डाग निघून लोंबत होती.

मग त्यांनी बँजो उचलून वेगवेगळ्या दिशांना फिरवला. भुणभुण एका दिशेला वाढली, दुसऱ्या दिशेला जवळजवळ गेली. हा दोष एकाच कॉइलच्या पिकअपचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, ट्यूबलाइटची, मंचावरच्या रोषणाईची भुणभुण अशी कॉइल शोषून घेते.

तिसरी तपासणी पेन्सिलीची. पिकअपवर हलकेच टिचकी मारली तर स्पीकरमधून मोठ्याने टकटक ऐकू आली. म्हणजे आतले वेढे सैल झाले होते. सैल वेढे स्वतःच थरथरतात. स्पीकरचा आवाज पोकळ पेटीत शिरतो, पेटी हलते, वेढे हलतात, तोच आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि शिट्टी सुरू होते. पोकळ अंगाच्या प्रत्येक वाद्याला ही खोड असते, मग ती गिटार असो की बँजो.

राहिल्या तारा आणि केबल. तारा गंजलेल्या होत्या. केबल तीस फुटांची, दोन ठिकाणी जोडलेली. केबल जितकी लांब, तितका वरचा, धारदार आवाज वाटेतच मरतो. म्हणून पंधरा फुटांपर्यंतची चांगली केबल वापरावी आणि मिक्सर लांब असेल तर साऊंडवाल्याकडे डीआय बॉक्स मागावा.

मेकॅनिक काकांनी अर्थला नवा डाग दिला, तारा बदलायला लावल्या आणि पिकअप मेणात बुडवला. हे मेणाचे काम घरी करू नये. पॅराफिन थेट आगीवर ठेवले तर भडकते, आणि फार तापले तर पिकअपचे प्लास्टिक वितळते. जाणकार माणूस गरम पाण्यात भांडे ठेवून साधारण ६५ अंशांवर मेण वितळवतो, पिकअप त्यात ठेवतो आणि बुडबुडे थांबले की काढतो. मेण वेढ्यांत मुरून थिजते आणि वेढे जखडून राहतात.

शेवटी त्यांनी पिकअपची उंची लावली. तारेच्या फार जवळ असेल तर आवाज फाटतो आणि चुंबक तारेला खेचू लागतो, फार दूर असेल तर आवाज कृश होतो. दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे, वाजवून पाहावे आणि स्क्रू थोडा थोडा फिरवावा. याला पैसा लागत नाही.

हे सगळे मिळून खर्च सहाशे रुपयांच्या आत आला. आईचा चेहरा खुलला.

मग पिकअप बदलायचा केव्हा?

हे सगळे करूनही भुणभुण उरली, किंवा कॉइलची तारच आत तुटली असेल, तर जरूर बदलावा. मल्टिमीटरने कॉइल मोजली की कळते. साधारण पाच ते आठ हजार ओहम दाखवले तर कॉइल ठीक. काहीच दाखवले नाही तर तार तुटली.

भुणभुणीवरचा उपाय १९५५ साली गिब्सनमधल्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने काढला. त्याने शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवल्या, एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि चुंबकाचे टोकही उलट. बाहेरची भुणभुण दोन्हींत विरुद्ध दिशेने येते आणि एकमेकींना खोडून टाकते. तारेचा आवाज मात्र दोन्हींत एकाच दिशेने येतो आणि वाढतो. यालाच हंबकर म्हणतात.

बँजोला असा पिकअप घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, माप. गिटारचा पूर्ण मापाचा हंबकर रुंद असतो आणि त्याचे खिळे सहा तारांच्या अंतरावर बसवलेले असतात. बँजोच्या मुख्य तारा जवळ जवळ असतात, त्या खिळ्यांच्या मधोमध आल्या तर आवाज दबतो. त्यासाठी एका कॉइलच्या मापात बसणारा, खिळ्यांऐवजी लोखंडी पट्टी असलेला हंबकर मिळतो. पट्टीवर तार कुठेही आली तरी चालते. लाकडाला पटाशी लावण्यापूर्वी खोली आणि रुंदी मोजून घ्या. एकदा कापलेले लाकूड परत येत नाही.

दुसरी, जोर. जास्त वेढे म्हणजे जास्त आवाज, असे सांगून महागडा पिकअप गळ्यात मारतात. वेढे वाढले की आवाज वाढतो हे खरे, पण वरची खणखण कमी होते. बँजोची ओळखच त्या खणखणीत आहे. मध्यम जोराचा पिकअप घ्यावा.

तिसरी, जोडणी. हंबकरला चार तारा असतात. दोन कॉइल उलट जोडल्या गेल्या तर आवाज पातळ होतो. तसे झाले तर पिकअप खराब म्हणून परत करू नका, आधी जोडणी तपासा. व्हॉल्यूमचा पॉट हंबकरला ५०० किलोओहमचा लावतात, एका कॉइलला २५० चा.

काही जण पेटीच्या आत पिएझोची स्वस्त चकती चिकटवतात. तिने लाकडाचा आवाज येतो, पण बटणांची खटखटही येते आणि शिट्टीचा धोका वाढतो. मोठ्या मंचावर ती त्रासाची ठरते.

सर्वांत महत्त्वाचे

मातांनो, हा भाग मुलांना वाचून दाखवा. मांडवातली वीज घाईत ओढलेली असते. भुणभुण जाते म्हणून काही जण अँप्लिफायरच्या तीन पिनांपैकी अर्थची पिन कापून टाकतात. असे कधीही करू नये. अँप्लिफायरमध्ये दोष आला तर वीज केबलमधून वाद्याच्या तारांत येते. वादकाचा एक हात तारेला आणि तोंड किंवा दुसरा हात माईकच्या धातूला लागला की जीव जाऊ शकतो. सगळी यंत्रे एकाच अर्थिंगच्या बोर्डावर लावावीत आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. कार्यक्रमाआधी टेस्टरने माईकचा धातू तपासावा. ओल्या गादीवर किंवा जमिनीवर अनवाणी बसून विजेचे वाद्य वाजवू नये.

आता शेवटची गोष्ट. पिकअप सुधारला की मुलांना आवाज चढवावासा वाटतो. पण आपल्या मंचावर बँजो कुणासाठी वाजतो? वामनदादा कर्डक असोत की शाहीर विठ्ठल उमप, यांची गाणी लोकांच्या मनात उतरली ती शब्दांनी. विठ्ठलदादांनी तर २०१० च्या नोव्हेंबरात आपल्या नागपूरच्या मंचावरच अखेरचा श्वास घेतला. च, त, स, श ही अक्षरे ज्या उंच पट्टीत ऐकू येतात, त्याच पट्टीत बँजोची खणखणही असते. दोन्ही एकदम वाजले की अक्षर मरते. म्हणून गायक गात असेल तेव्हा बँजोचा व्हॉल्यूम उतरवावा आणि ओळ संपली की चढवावा. जुने वादक हे बोटांनीच करत, त्यासाठी कुठला पिकअप लागत नाही.

त्या मुलाने जयंतीला तोच जुना पिकअप वाजवला. शिट्टी आली नाही. रोषणाईजवळ थोडी भुणभुण होती, म्हणून तो मंचाच्या दुसऱ्या बाजूला, बँजो जरा तिरपा धरून बसला. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाई कार्यक्रम संपल्यावर म्हणाल्या, "या वर्षी गाणं समजलं बाप्पा." बहिणीचा फॉर्म वेळेत भरला गेला. पुढे मिळालेल्या बिदागीतून त्याने पट्टीचा हंबकर घेतला, तोही माप मोजून.

तुमच्या घरी असे वाद्य असेल तर आधी अर्थ, मग तारा, मग केबल, मग उंची पाहा. पिकअप सर्वांत शेवटी. जयभीम.