खेळ दुसऱ्याचा, घाम आपला

मुलगा संगणकासमोर तासन्‌तास खेळत बसतो, ही तक्रार आता घरोघरची. पण तो खेळत नसून खेळच बदलत बसला असेल तर? विकत आणलेल्या व्हिडिओ गेममध्ये नवा नकाशा घालायचा, पात्रांचे पोशाख बदलायचे, नियम फिरवायचे आणि हे सारे अनोळखी लोकांना फुकट वाटून टाकायचे, या उद्योगाला ‘मॉडिंग’ म्हणतात. असा एकेक बदल म्हणजे ‘मॉड’.

१९९३ साली आलेल्या ‘डूम’ने ही वाट रुंद केली. त्याच्या कर्त्यांनी नकाशे, चित्रे आणि आवाज मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलीत ठेवले होते. साहजिकच हौशी मंडळींचे फावले.

रात्री जागून, दमडीही न घेता लोक हे का करतात? फिनलंडमधील संशोधक ओल्ली सोतामा यांनी ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ या युद्धखेळाचे मॉड करणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांचा लेख २०१० साली प्रसिद्ध झाला. एकच एक कारण काही त्यांच्या हाती लागले नाही. खेळण्याची हौस होतीच; शिवाय कुणाला यंत्रणा उघडून पाहायची होती, कुणी माहिती शोधण्यात रमला होता, कुणाला आपली कला दाखवायची होती, तर कुणाला चौघांनी मिळून काम करण्याची गोडी लागली होती. म्हणजे रिकामटेकडेपणा म्हणून हे झटकून टाकता येत नाही.

तुम्ही म्हणाल, यातून मिळते काय? १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’वर ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड केला. पुढच्याच वर्षी मूळ खेळाच्या कंपनीने, व्हॉल्व्हने, तो विकत घेतला आणि दोघांना कामावरही घेतले. असे भाग्य फारच थोड्यांचे. बाकीच्यांच्या मेहनतीमुळे जुना खेळ बाजारात टिकतो आणि नफा कंपनीचा होतो. युलियान क्यूक्लिख या अभ्यासकाने २००५ साली याला ‘प्लेबर’ असे नाव दिले. प्ले म्हणजे खेळ आणि लेबर म्हणजे श्रम, या दोहोंची ती सांगड.

मग पैसे द्यावेत की! तेही करून झाले. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी ‘स्कायरिम’चे मॉड विकण्याची सोय केली. किमतीतले २५ टक्के मॉड करणाऱ्याला, उरलेले ७५ टक्के कंपन्यांना. हा हिशेब मला तरी सावकारी वाटतो. पण खरी अडचण निराळीच निघाली. विक्रीला ठेवलेला मासेमारीचा एक मॉड दुसऱ्या कुणीतरी फुकट दिलेल्या कामावर उभा होता. इतके दिवस एकमेकांचे बिनदिक्कत वापरणाऱ्यांत आता ‘हे कुणाचे?’ असा प्रश्न उभा राहिला. तो मॉड मागे घ्यावा लागला. खेळाडूंनीही एवढा गदारोळ केला, की चारच दिवसांत योजना गुंडाळून कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले.