नाट्यगृहाची किल्ली कुणाकडे?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह पेटले. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. तिच्यासाठी येणारे कलावंत त्या सकाळीही आले. दगडी भिंती उभ्या होत्या, आत रंगमंचाचा आणि खुर्च्यांचा कोळसा झाला होता. ज्यांनी आयुष्यभर त्या रंगमंचावर रडण्याचा अभिनय केला, ती मंडळी रस्त्यावर उभी राहून खरीखुरी रडत होती.

ही वास्तू साधी नव्हती. 1902 मध्ये युरोपला गेलेल्या शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि परतल्यावर कुस्तीसाठी खासबागेचे मैदान उभारले. त्याच्याच पाठीला पाठ लावून 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे 1957 मध्ये त्याला केशवरावांचे नाव मिळाले. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे तंबोरा, पलीकडे शड्डू. कला आणि खेळ ही गावाची एकच गरज आहे, हे त्या राजाला कोणत्याही समितीच्या अहवालाविना कळले होते. आज दोन्ही वास्तू महापालिकेच्या ताब्यात आहेत, आणि त्या रात्री खासबागेचा मंचही जळाला.

आगीनंतर व्हायचे ते सगळे झाले. नेते आले, पाहणी झाली, निधी जाहीर झाला, ‘जसेच्या तसे उभारू’ असा शब्दही दिला गेला. एक गोष्ट मात्र फारशी कुणी बोलले नाही. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्येच संपली होती आणि तेव्हापासून तिथे प्रशासक होते. नाट्यगृह जळाले तेव्हा त्याचा जाब विचारायला शहरात एकही विद्यमान नगरसेवक नव्हता. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदतही मार्च 2022 मध्ये संपली, आणि पुढे जवळपास चार वर्षे तिथेही तोच कारभार.

अर्थात नगरसेवक असते म्हणजे सगळे आलबेल असते, असे मानायलाही जागा नाही. दुखणे जुने आहे आणि त्याचे मूळ कायद्याच्या पुस्तकातही सापडते. 1949 च्या महापालिका अधिनियमात कामांचे दोन ढीग आहेत. कलम 63 मधली कामे करावीच लागतात: पाणी, गटारे, दिवाबत्ती, झाडलोट. कलम 66 मधली करता आली तर करावीत. बागा, वाचनालये, संग्रहालये यांची वर्णी या दुसऱ्या ढिगात लागते. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने-क्रीडांगणे आणि सांस्कृतिक कार्य ही शहराची कामे म्हणून लिहून ठेवली खरी, पण अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती आधी ‘ऐच्छिक’ गोष्टींवरच चालते.

तरीही पैसा हे अर्धेच उत्तर. नवे नाट्यगृह बांधायला पैसा निघतो, कारण बांधकामाला कोनशिला असते. रोजच्या देखभालीला कोनशिला नसते. नळाला पाणी आहे का, हे बघण्याचे उद्घाटन करता येत नाही.

मे 2023 मधला रत्नागिरीचा प्रसंग अनेकांच्या लक्षात असेल. ‘तू तू मी मी’च्या प्रयोगात भरत जाधव घामाने निथळत होते, कपडे अंगाला चिकटले होते, वातानुकूलन बंद. प्रयोगानंतर त्यांनी प्रेक्षकांची माफी मागितली आणि इथे पुन्हा प्रयोग करणार नाही असे सांगून टाकले. माफी नटाने मागितली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नाट्यगृह त्यांच्या मालकीचे नव्हते.

असे का होते, ते कोणत्याही पालिकेच्या नाट्यगृहात एक फेरी मारली की कळते. तारखा देणारा विभाग एक, खुर्च्या बघणारा दुसरा, एसी विद्युत विभागाकडे, स्वच्छतागृहाची झाडलोट ठेकेदाराकडे. व्यवस्थापक म्हणून जो माणूस खाली केबिनमध्ये बसतो, त्याला दोनशे रुपयांचा नळ बदलायचा तरी वर कागद पाठवावा लागतो. दुपारी चारचा प्रयोग, साडेतीनला ध्वनियंत्रणा बंद, आणि व्यवस्थापक फोन लावतोय. या खेळाला प्रेक्षक सरावले आहेत. कलावंतही घरचे पंखे घेऊन दौऱ्यावर निघायचे तेवढे बाकी आहेत.

पुण्यात कधीकाळी हे वेगळे घडले होते. 1962 मध्ये बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले, आखणीत पु. ल. देशपांडे यांनी मनापासून लक्ष घातले, आणि 1968 मध्ये महापालिकेच्या पैशाने उभे राहिलेले नाट्यगृह रसिकांना मिळाले. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले, तिथे लागली. नाटक जाणणारा माणूस बांधकामाच्या नकाशाशेजारी बसला की काय होते, त्याचा हा पुरावा. आता त्याच वास्तूच्या पुनर्विकासाचा विषय अधूनमधून डोके वर काढतो आणि कलावंत विरोधाला उतरतात. नवे नको असे त्यांचे म्हणणे नसते. पाडल्यावर नाट्यगृहाची जागा व्यापारी संकुलाच्या कितव्या मजल्यावर जाईल, ही त्यांची धास्ती असते, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

पुणे महापालिकेत रस्त्यांना, चौकांना, उद्यानांना नावे देण्यासाठी चक्क नाव समिती आहे. नाव दिल्यानंतर त्या नावाखाली काय चालते, हे बघणारी समिती मात्र नाही.

मैदानांचीही तीच गत. दादरचे शिवाजी पार्क मुंबई महापालिकेने 1925 मध्ये लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झाले. एका नगरसेविकेच्या शब्दाला तेव्हा वजन होते. पुढे याच मैदानावरच्या भोंग्यांचा प्रश्न मात्र रहिवाशांना उच्च न्यायालयात न्यावा लागला आणि 2010 मध्ये ते शांतता क्षेत्र ठरले. सभा किती, क्रिकेट किती, धूळ किती, हे सभागृहात बसून ठरवायचे विषय. ते वकिलांच्या फायलींत गेले.

उपाय काही अचाट नाहीत. पालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहाला एक जबाबदार अधिकारी हवा, त्याच्या हाती किरकोळ दुरुस्तीचा खर्च हवा आणि वर्षभर बदली नको. त्याच्यावर नगरसेवकांची एक समिती, आणि तिच्यात नाट्यसंस्थांचे, तालमींचे, मैदानावर रोज पळायला येणाऱ्यांचे दोन-चार लोक. तारखा कुणाला दिल्या आणि ऐनवेळी कुणासाठी काढून घेतल्या, याची यादी दाराबाहेर लावली तरी अर्धी भांडणे मिटतील. राजकीय मेळाव्यासाठी नाटकाची तारीख जाते ही नाट्यसंस्थांची जुनी तक्रार; खरी असेल तर यादीत दिसेल, खोटी असेल तरी दिसेल.

केशवरावांचा पडदा पुन्हा उघडेल तेव्हा कोनशिलेवर कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली, यावरून रुसवेफुगवे होतीलच. त्याआधी महासभेत कुणीतरी उठून एवढेच विचारावे: अग्निसुरक्षा तपासणीची वही कुणाच्या टेबलावर आहे, आणि तिच्यातली शेवटची सही कोणत्या तारखेची?