‘ओन्ली’ आणि आपला ‘च’

इंग्रजीतील ‘ओन्ली’ हे क्रियाविशेषण शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु दस्तऐवजात ते कोठे बसवावे, हे मुरलेल्या लेखनिकासही पुष्कळदा उमगत नाही. ‘केवळ’ किंवा ‘फक्त’ असा प्रतिशब्द दिला की काम भागले, ही समजूत आम्हांस धोक्याची वाटते.

भाडेपट्ट्यातील एक वाक्य घेऊ. ‘भाडेकरूने भाडे घरमालकासच द्यावे’ म्हटले, तर तिऱ्हाइताच्या हाती दिलेले भाडे पोहोचले असे मानता येत नाही. ‘भाडेकरूनेच’ म्हटले, तर दुसऱ्याने भरलेली रक्कम नाकारण्यास वाव मिळतो. ‘भाडेच’ म्हटले, तर पाणीपट्टीची मागणी अडचणीत येते. एका अक्षराने तीन निराळे करार होतात. आपला ‘च’ ज्या शब्दास चिकटतो, त्यासच मर्यादा घालतो. ‘ओन्ली’ मात्र सुटा शब्द. इंग्रज तो बोलताना बहुधा क्रियापदाआधी ठेवतो आणि अभिप्रेत शब्द आवाजाच्या आघाताने दाखवितो. कागदास आवाज नसतो. म्हणून लेखनात ‘ओन्ली’ संबंधित शब्दाच्या लगतच हवा.

तथापि प्रत्येक ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे. ‘पैसे द्यावेच लागतील’ यात निश्चय आहे, मर्यादा नाही. ‘मी इथेच आहे’ याचे ‘आय ॲम हिअर ओन्ली’ बोलण्यात खपते, प्रतिज्ञापत्रात खपू नये. सीमाभागात आणखी एक खाचखळगा आहे. कन्नडमध्ये ‘मात्र’ म्हणजे ‘केवळ’. मराठीत तो अर्थ ‘रुपये पाचशे मात्र’ अशा ठिकाणी उरला आहे, एरवी वाक्यात त्याचा अर्थ ‘परंतु’ असा होतो.

हा शब्दच्छल नव्हे. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या काळची कितीतरी मराठी खरेदीपत्रे, वाटणीपत्रे आज भाषांतरित होऊन न्यायालयापुढे जातात. उच्च न्यायालयाचे कामकाज तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीतच चालते. ‘विहिरीचे पाणी धाकट्या भावानेच घ्यावे’ यातील ‘च’ भाषांतरात गळला, तर थोरल्याचाही हक्क सांगता येतो. तो ‘पाणी’ या शब्दाकडे सरकला, तर धाकट्याची वाटच बंद होऊ शकते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : भाषांतरास कागद देण्यापूर्वी मुळातील प्रत्येक ‘च’ अधोरेखित करावा, भाषांतर हाती येताच तो ताडून पाहावा आणि चूक आढळल्यास हरकत तत्काळ लेखी नोंदवावी. इंग्रजी येत नाही म्हणून अंगठा उठवून मोकळे होऊ नये. मूळ मराठी कागद काय म्हणतो, हे वाचण्याचा अधिकार आणि पात्रता आपल्यापाशी आहे.