बत्तीस, अडतीस की नऊ?

वाघोडिया तालुक्यात शेतावर घर बांधून राहिलेल्या एका निवृत्त वाचकबंधूंचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. चिरंजीव अमेरिकेत, कन्या पुण्यास, घरी उभयता दोघेच, आणि सर्वांत जवळचा शेजारी दोन शेते ओलांडून. आसपासच्या चोऱ्यांच्या वार्ता ऐकून त्यांनी शस्त्रपरवाना काढण्याचे मनात घेतले आहे. बाबांनी नऊ मिलिमीटरहून कमी काही घेऊ नये, असा चिरंजीवांचा दूरध्वनीवरून आग्रह आहे. औद्योगिक वसाहतीतील त्यांचे एक स्नेही म्हणतात, बत्तीस बोअर पुष्कळ झाले. कोणत्या गोळीत अधिक जोर असतो आणि स्वसंरक्षणास कोणती योग्य, हे या सदरातून सांगावे, अशी त्यांची इच्छा आहे.

जन्मभर खडूपलीकडे काही हाती न धरलेल्या मास्तराला हा प्रश्न विचारावा, याचे आमच्या घरी बरेच हसू झाले. परंतु प्रश्न उलगडून पाहिला, तर त्यात थोडे गणित, थोडा इतिहास आणि बराचसा कायदा आहे. आणि या तिन्ही विषयांची पाने उलटण्यास नेमबाज असण्याची गरज नाही. शिवाय मुले परदेशी आणि आईवडील मोठ्या घरात एकटे, ही आज बडोद्याच्या मराठी समाजातील अनेक घरांची स्थिती आहे. असेच पत्र लिहिण्याच्या विचारात आणखीही काही वाचक असतील, म्हणून उत्तर विस्ताराने देत आहोत.

प्रथम या आकड्यांचा अर्थ पाहू. 'काडतूस' आणि 'पिस्तुल' हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, 'बोअर' इंग्रजांकडून. बोअर म्हणजे नळीचे पोकळ. शेतकऱ्याच्या बारा बोअरच्या बंदुकीत हा आकडा उलट्या हिशेबाने आला आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल, ती नळी बारा बोअरची. म्हणूनच वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. पिस्तुल-रिव्हॉल्वरचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. तेथे व्यास इंचाच्या शतांशांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. बावीस म्हणजे ०.२२ इंच, अर्थात साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. बत्तीस म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. पंचेचाळीस म्हणजे जवळजवळ साडेअकरा. मात्र नावावर फार विसंबू नये. 'अडतीस स्पेशल' म्हणून जी गोळी प्रसिद्ध आहे, ती प्रत्यक्षात ०.३५७ इंच रुंद असते, म्हणजे नऊ मिलिमीटरच! तेव्हा अडतीस मोठी की नऊ, या वादात रुंदीपुरता तरी काही अर्थ नाही.

रुंदी सारखी असूनही जोर सारखा नसतो, याचे कारण आठवी-नववीच्या विज्ञानात सापडते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचे अर्धे गुणिले वेगाचा वर्ग. बावीसची गोळी अडीच ग्रॅमहून किंचित जड. आखूड नळीतून ती सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १२० ज्यूलच्या घरात जाते. बत्तीसच्या रिव्हॉल्वरची गोळी सहा ग्रॅमहून थोडी अधिक, वेग सुमारे २१५ मीटर, ऊर्जा १५० ज्यूल. अडतीस स्पेशलची दहा ग्रॅमची गोळी २३५ मीटर वेगाने २८० ज्यूलपर्यंत पोचते. लष्करी नऊ मिलिमीटरची आठ ग्रॅमची गोळी ३५० मीटर वेगाने ४९० ज्यूल देते. आणि पंचेचाळीसची पंधरा ग्रॅमची जड गोळी केवळ २५५ मीटर वेगाने जाऊनही जवळजवळ तेथेच येते. एक हलकी व चपळ, दुसरी जड व संथ, बेरीज तीच. काडतुसाच्या बनावटीप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात. आणि तुलनेसाठी सांगायचे, तर जुन्या ०.३०३ रायफलीची ऊर्जा ३,००० ज्यूलहून अधिक असते. हाती धरावयाची सारीच शस्त्रे तिच्यापुढे दुबळी होत.

येथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, ठरले तर मग, नऊ मिलिमीटर! पण थोडे थांबावे. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याची ऊर्जाही १२० ज्यूलच भरते, म्हणजे बावीसच्या गोळीइतकीच. तो चेंडू यष्टिरक्षक हातमोज्यात झेलतो आणि टाळ्या घेतो. चेंडूचा आघात तळहातभर पसरतो, गोळीचा वाटाण्याएवढ्या जागेवर एकवटतो. सबब ज्यूलचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. गोळी कोठे लागली आणि किती खोल गेली, यावर सारे अवलंबून असते.

इतिहासाने याची साक्ष पुनःपुन्हा दिली आहे. फिलिपीन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढताना आपल्या अडतीसच्या गोळ्या अंगावर धावून येणाऱ्या माणसाला थांबवीत नाहीत, अशी अमेरिकन सैनिकांची तक्रार होती. १९०४ साली त्या लष्कराने चाचण्या घेतल्या आणि १९११ साली पंचेचाळीसचे पिस्तुल स्वीकारले. मात्र १९८५ साली त्याच लष्कराने ते सोडून नऊ मिलिमीटर घेतले. १४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी येथे थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीवर अडतीसची गोळी झाडली गेली. ती खिशातील घडी घातलेल्या पन्नास पानी भाषणातून आणि चष्म्याच्या पोलादी डबीतून पार होता होता मंदावली. रूझवेल्टांनी आधी भाषण पुरे केले, मग रुग्णालय गाठले. लांब भाषणाने वक्त्याचे प्राण वाचल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही. आपल्याकडे २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि हॉटसन बचावले.

आता दुसरी बाजू. जिला लोक खेळण्यातली समजतात, त्या बावीसच्या गोळीने १९६८ साली रॉबर्ट केनेडी यांचा अंत झाला, आणि १९८१ साली अध्यक्ष रेगन मृत्यूच्या दारातून परतले. त्यांना लागलेली गोळी तर मोटारीवर आपटून वळलेली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत ज्या पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या, ते आखूड नऊ मिलिमीटरचे होते. त्या काडतुसाची ऊर्जा लष्करी नऊ मिलिमीटरच्या निम्म्याच्या आसपास. पण गांधीजींचे प्राण घेण्यास ती पुरली. तेव्हा लहान बोअर निरुपद्रवी आणि मोठा बोअर अचूक, या दोन्ही समजुती सोडून द्याव्यात.

ज्यांचा हा व्यवसायच आहे, त्यांचा अनुभवही ऐकण्यासारखा आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथील चकमकीत अमेरिकेच्या एफ.बी.आय.चे दोन अधिकारी मारले गेले. गुंडांपैकी एकाला आरंभीच नऊ मिलिमीटरची गोळी लागली होती, पण ती हृदयापर्यंत न पोचल्याने तो लढत राहिला. एफ.बी.आय.ने गोळीला दोष देऊन आधी दहा मिलिमीटरचे व पुढे ०.४० इंचाचे काडतूस घेतले, आणि पाव शतकानंतर ती संस्था पुन्हा नऊ मिलिमीटरकडेच वळली. कारण असे, की दरम्यान गोळ्यांची बनावट सुधारली होती आणि मोठ्या काडतुसाचा धक्का मनगटाला बसून नेम चुकत होता. नित्य सराव करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांची ही कथा. सत्तरीच्या हाताचे, अंधारात, झोपेतून उठून, चष्मा शोधत काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता कायदा. येथे चिरंजीवांचा आग्रह आपोआप निकालात निघतो. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. सेवेतील नऊ मिलिमीटर आणि पंचेचाळीस, तसेच ०.३८० व ०.४५५ ही काडतुसे ज्यांत चालतील, अशी पिस्तुले व रिव्हॉल्वरे प्रतिबंधित वर्गात मोडतात. लष्कर-पोलिसांचा दारूगोळा खाजगी शस्त्रांत चालू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः बत्तीस आणि बावीस उरतात. कानपूरच्या शस्त्रनिर्मिती कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून 'निर्भीक' नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्वर काढले, तेही बत्तीसचेच. तेव्हा पत्रलेखकांचे स्नेही बोअरपुरते बरोबर आहेत. परवाना घ्यावयाचाच झाला, तर बत्तीसचे रिव्हॉल्वर बावीसपेक्षा बरे. रचना सोपी, धक्का सोसवणारा. ग्रामीण भागात अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो, पोलीस चौकशी होते, आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते.

परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे, हेही ध्यानात असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खाजगी संरक्षणाची आहेत. प्राणांतिक इजेची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत तो हक्क जातो. दरोड्याच्या व रात्रीच्या घरफोडीच्या प्रसंगीही काही मर्यादांत जातो. परंतु संरक्षणास आवश्यक तेवढीच इजा करावी, आणि पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल, तर हा हक्क नाही, हेही तेथेच सांगितले आहे. पळून जाणाऱ्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्याकडे वाटचाल करू लागतो. त्या प्रसंगी कोणी बोअर विचारीत नाही.

आणि शेवटी घर. शस्त्र सुरक्षित ठेवायचे, तर ते रिकामे करून कुलपात ठेवावे, काडतुसे वेगळी ठेवावीत. पण मग ऐनवेळी किल्ली, कुलूप, काडतुसे या क्रमात मोलाची मिनिटे जातात. भरून उशाखाली ठेवावे, तर सुटीत आलेल्या नातवाचा हात तेथे प्रथम जातो; किंवा उत्तररात्री कामाच्या निमित्ताने अंगणात आलेला आपलाच गडी चोर वाटतो. या पेचातून सुटका कोणताही बोअर करीत नाही. चिरंजीव ज्या देशातून सल्ला देतात, तेथे २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे दगावली, आणि त्यांतील २६,३२८ जणांनी ती स्वतःवर चालवली होती. एकाकी वार्धक्य, आजारपण आणि कपाटातील भरलेले शस्त्र हे तिघे एका घरात नसावेत, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या बडोद्यास शस्त्रविद्येचे वावडे कधीच नव्हते. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी कित्येक पिढ्यांना लाठी, लेझीम आणि मल्लविद्या शिकवली. आखाड्याची रीत अशी, की आधी श्वास, पाय आणि नजर तयार व्हायची, मग हातात शस्त्र यायचे. विकत घेतलेल्या शस्त्राबरोबर ही तयारी पिशवीतून येत नाही, ती वर्षानुवर्षे करावी लागते. ज्यांची ती करण्याची उमेद आहे, त्यांनी अवश्य परवाना घ्यावा.

पत्रलेखक बंधूंना मात्र आमचा सल्ला निराळा आहे. रिव्हॉल्वरवर जी लाखभर रुपयांहून मोठी रक्कम खर्चावी लागेल, तिच्यातून निजण्याच्या खोलीस भक्कम दार व आतून अडसर करावा, खिडक्यांना गज बसवावेत, अंगणाच्या चारी कोपऱ्यांत दिवे लावावेत, आणि शेतावर एखाद्या विश्वासू राखणदाराच्या कुटुंबास खोली बांधून द्यावी. दोन कुत्री पाळावीत. रोकड व दागिने बँकेत असावेत, आणि ते तेथे आहेत हे गावास ठाऊक असावे. रात्री खुडबूड ऐकू आली, तर बाहेर न जाता दार आतून लावून ११२ फिरवावा व शेजाऱ्यास हाक द्यावी. चोर सामान नेईल, नेवो. ते पुन्हा घेता येते.

चिरंजीवांनाही एक निरोप आहे. नऊ मिलिमीटरची चौकशी पुरे. वर्षातून एक महिना आईवडिलांपाशी येऊन राहता येईल का, याची चौकशी आता आपल्या कचेरीत करावी.